नाण्यावरचे वचन

माणसाला संग्रहाची हौस उपजतच असते. मूल चालू लागले की त्याच्या खिशात गोट्या, चिंचोके, रंगीत खडे आणि पाखरांची पिसे जमू लागतात. आणि घर आवरताना कोणी ती ठेव केरात टाकली, तर रडारड होते. पुढे वय वाढते, खिसे बदलतात. परंतु हौस जात नाही. कोणी तिकिटे जमवितो, कोणी जुने दिवे, कोणी अडकित्ते. या सर्व छंदांत नाण्यांचा छंद थोडा निराळा आहे. दिवा एका घरात जळतो, अडकित्ता एका पानदानात राहतो. नाणे मात्र जन्मल्या दिवसापासून भटके. टांकसाळीतून निघून ते सैनिकाच्या थैलीत जाते, तेथून पाववाल्याच्या गल्ल्यात, तेथून देवालयाच्या दानपेटीत. राजाचा हात आणि भिकाऱ्याचा हात या दोहोंचा स्पर्श झालेली वस्तू नाण्यावाचून दुसरी कोणती असेल? ज्याने ते शेवटी भीतीपोटी जमिनीत पुरून ठेवले, त्याचे नावही कोणाला ठाऊक नसते.

ज्याला हा छंद नाही, तो संग्राहकाला हटकून एक प्रश्न विचारतो: "जे बाजारात चालत नाही, ते नाणे घेऊन करायचे काय?" प्रश्न व्यवहाराचा आहे, आणि त्याचे उत्तरही व्यवहारातच सापडते. प्रत्येक नाणे हे एक वचन असते. 'माझी किंमत इतकी आहे, आणि या गोष्टीला राज्य जामीन आहे', असे ते पोटावर मुद्रा मिरवीत सांगत असते. ते वचन पाळले गेले की मोडले गेले, हे त्या काळी बाजारातल्या माणसांना आपापल्या नशिबाने कळले. आज ते संग्राहकाला नाणे तळहातावर घेऊन कळते. म्हणूनच चालते नाणे त्याला जितके सांगते, त्याहून बंद पडलेले नाणे अधिक सांगते.

असे बोलके नाणे पाहावयाचे असेल, तर युरोपच्या उत्तरेकडील स्वीडन देशाकडे वळावे. हा देश विस्ताराने मोठा, वस्तीने विरळ; अरण्ये, सरोवरे आणि दीर्घ हिवाळा यांनी वेढलेला. परंतु चलनाच्या इतिहासात या देशाने जे प्रयोग केले आणि जे धडे घेतले, ते पुष्कळ मोठ्या राष्ट्रांनाही मागाहून उपयोगी पडले.

स्वीडनमध्ये नाणी आली ती टांकसाळीच्या फार आधी, आणि आली तीही परदेशांतून. १९९९ साली गॉटलंड बेटावर स्पिलिंग्ज नावाच्या शेतात रुप्याचा एक प्रचंड साठा सापडला. त्याचे वजन सुमारे ६७ किलोग्रॅम भरले, आणि त्यात १४,२९५ नाणी होती. यांतील बहुतेक नाणी अरबी लेख कोरलेले दिरहम आहेत. नवव्या शतकातील नॉर्स व्यापारी पूर्व युरोपातील नद्यांच्या मार्गाने दूरवर जात, लोकरीची व केसाळ कातडी विकीत, आणि मोबदल्यात खलिफांच्या राज्यातले रुपे आणीत. त्यांना नाण्यावरचा लेख वाचता येत नव्हता, आणि त्याची गरजही नव्हती. ते रुपे तराजूत टाकीत, आणि संशय आला तर सुरीच्या टोकाने त्याला टोचून पाहत. अशा टोचण्याच्या खुणा त्या काळच्या पुष्कळ नाण्यांवर आढळतात. आपल्याकडे रुपया वाजवून घेत. तिकडे तो टोचून घेत. शब्दावर विश्वास नाही, धातूवर आहे, असा तो काळ होता.

सन ९९५ च्या सुमारास ओलोफ शॉटकोनुंग या राजाने सिग्टुना या गावी स्वीडनची पहिली नाणी पाडली. ती रुप्याची, पातळ, आणि इंग्लंडच्या राजाच्या नाण्यांची नक्कल केलेली होती. हा उद्योग फार दिवस टिकला नाही. थोड्याच दशकांत टांकसाळ थंडावली आणि शंभराहून अधिक वर्षे लोक पुन्हा तराजूकडे वळले. राजाची मुद्रा उठविणे सोपे असते. ती मुद्रा पाहून लोकांनी तराजू खाली ठेवणे, हे अवघड असते.

पुढे गुस्ताव वासा या राजाने १५३४ साली रुप्याचे मोठे नाणे पाडले. त्याचे नाव डालर. हे नाव बोहीमियातील योआखिमस्टाल या खाणीच्या गावावरून आले. तेथील रुप्याच्या नाण्यांना थालर म्हणत. त्याचेच उत्तरेत डालर झाले, आणि समुद्रापलीकडे जाऊन डॉलर झाले. एका दरीतल्या खेड्याचे नाव आज निम्म्या जगाच्या तोंडी आहे, आणि ते उच्चारणाऱ्या बहुतेकांना त्या खेड्याचा पत्ता नाही.

स्वीडनची खरी दौलत मात्र रुप्यात नव्हती. ती तांब्यात होती. फालुन येथील तांब्याची खाण शतकानुशतके चालू होती. सतराव्या शतकात युरोपात वापरल्या जाणाऱ्या तांब्याचा फार मोठा वाटा या एका खाणीतून निघत असे. राजवाड्यांची छपरे, तोफा आणि स्वयंपाकघरातील भांडी यांना हेच तांबे लागे. खाणीत माणसांनी इतके खोदले, की १६८७ साली जूनमध्ये तिचा मोठा भाग खचून प्रचंड विवर पडले. त्या दिवशी मध्यग्रीष्माच्या सणाची सुट्टी होती, म्हणून कोणाचाही जीव गेला नाही. खाणीच्या टाकाऊ मातीपासून जो तांबडा रंग बनतो, तो आजही स्वीडनच्या खेड्यांतील लाकडी घरांना देतात. खाण १९९२ साली बंद झाली, रंग उरला.

ज्याच्या घरी तांबे पिकते, त्याला तांब्याचीच नाणी पाडण्याचा मोह होणार. १६२४ साली गुस्ताव आडोल्फ राजाने रुप्याच्या जोडीला तांब्याचेही चलन सुरू केले. त्यामागे एक हिशेबही होता: जितके तांबे देशात नाण्यांच्या रूपाने अडकून राहील, तितके परदेशी बाजारात कमी जाईल आणि तेथला भाव चढा राहील. परंतु एक अडचण होती. नाण्यात त्याच्या किमतीइतका धातू असलाच पाहिजे, अशी त्या काळची समजूत. आणि त्या काळी तांबे रुप्याहून सुमारे शंभरपट स्वस्त. मग तांब्याचे नाणे रुप्याच्या तोलाचे व्हावयाचे, तर ते केवढे असावे?

याचे उत्तर १६४४ साली, राणी क्रिस्टिनाच्या राज्यात, आवेस्टा येथील कारखान्यातून बाहेर पडले. ते १० डालरचे नाणे. त्याचे वजन १९.७ किलोग्रॅम! नाणे कसले, तो तांब्याचा जाड पत्राच होता. लांबी हातभराहून अधिक आणि रुंदी वीतभराहून अधिक. त्याच्या चारही कोपऱ्यांवर राजमुद्रा आणि वर्ष ठोकलेले असे, आणि मध्यभागी किमतीचा ठसा. कोपऱ्यांवरच मुद्रा का? कोणी लबाडाने कोपरा कातरून तांबे चोरले, तर मुद्राही कातरली जावी आणि चोरी ताबडतोब उघडकीस यावी, म्हणून. पुढे ८, ४, २, १ आणि अर्ध्या डालरचेही असे पत्रे निघाले आणि ते १७७६ पर्यंत चालले. जगात याहून जड धातूचे चलन कोणी वापरले नसेल.

आज या गोष्टीचे हसू येते. एखाद्या गृहस्थाला कर भरावयाचा असेल, तर त्याला गाडी जोडावी लागे. पैसे सांडले तर शोधण्याचा प्रश्न नव्हता. पायावर पडले तर मात्र वैद्याचा खर्च होता. चोराचीही पंचाईतच, कारण एवढा ऐवज पाठीवर घेऊन पळणार किती आणि कोठवर? परंतु हसून झाल्यावर संग्राहक एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. हा पत्रा वेडगळ असेल, परंतु तो प्रामाणिक आहे. तो जितके सांगतो, तितके तांबे त्याच्या अंगात आहे. पहिल्या १० डालरच्या पत्र्यांपैकी आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. बाकीचे वितळले गेले, कारण तांब्याचा बाजारभाव वाढला की त्यांच्यातील धातू त्यांच्यावरील आकड्याहून अधिक मोलाचा ठरे. फार प्रामाणिक माणसाचा जसा लोक उपयोग करून घेतात, तसेच त्यांचे झाले.

एवढा भार किती दिवस वाहणार? योहान पाल्मस्ट्रुक नावाच्या एका हुशार गृहस्थाने यावर तोड काढली. रीगा येथे जन्मलेल्या या व्यापाऱ्याने राजाची सनद मिळवून स्टॉकहोम येथे पेढी उघडली. लोकांनी तांब्याचे पत्रे पेढीत ठेवावे आणि त्यांच्या बदल्यात पावती न्यावी, असा क्रम सुरू झाला. १६६० साली सरकारने नवे, अधिक हलके पत्रे पाडले. तेव्हा लोकांनी आपले जुने जड पत्रे परत मागण्यासाठी पेढीवर गर्दी केली. या अडचणीतून वाट काढण्यासाठी १६६१ साली पाल्मस्ट्रुकने कागदाच्या नोटा काढल्या. युरोपात बँकेने काढलेल्या या पहिल्या नोटा. एका कागदावर काही ओळी, पेढीच्या मुद्रा आणि अधिकाऱ्यांच्या सह्या; आणि त्या कागदाने मणभर तांब्याचे काम करावयाचे! लोकांना ही युक्ती मनापासून आवडली. गाडी सुटली, बैल सुटले, पाठ मोकळी झाली.

युक्ती चांगली होती. माणसाचा हात आवरला नाही, एवढेच. तांबे खाणीतून काढण्यास घाम गाळावा लागतो. कागदावर आकडा लिहिण्यास शाईचे चार थेंब पुरतात. पेढीने सढळ हाताने कर्जे दिली आणि तळघरातल्या तांब्याच्या मानाने नोटा फार झाल्या. लोकांना कुणकुण लागली. जो तो नोट घेऊन पत्रे मागण्यास धावला, आणि पेढीजवळ तितके पत्रे नव्हते. १६६८ मध्ये पाल्मस्ट्रुकवर खटला होऊन त्याला मृत्युदंड सुनावला गेला. पुढे तो शिक्षा सौम्य होऊन बंदिवासात राहिला, १६७० साली सुटला आणि पुढच्याच वर्षी निवर्तला. ज्या कागदांपायी त्याचे जीवन उद्ध्वस्त झाले, त्यांतले थोडे आजही जपून ठेवलेले आहेत. संग्राहक त्यांच्यासाठी जी किंमत मोजतात, ती त्यावर लिहिलेल्या आकड्याहून कितीतरी मोठी असते.

त्याच १६६८ साली स्वीडनच्या लोकसभेने, म्हणजे तेथील वर्गप्रतिनिधींच्या सभेने, एक नवी बँक स्थापन केली. ती राजाच्या हाती न ठेवता सभेने आपल्या देखरेखीखाली ठेवली, आणि प्रारंभी तिला नोटा काढण्यास मनाई केली. सरदार, धर्मोपदेशक आणि नागरिक या तीन वर्गांनी तिची हमी घेतली. शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींनी मात्र मान हलविली. त्यांचा कागदावर विश्वास नव्हता, आणि नुकतेच जे घडले होते ते पाहता त्यांना दोष कोण देणार? हीच ती रिक्सबँक. आज चालू असलेल्या मध्यवर्ती बँकांमध्ये ती सर्वांत जुनी आहे. तिच्या ३०० व्या वर्षी, १९६८ साली, तिने आल्फ्रेड नोबेलच्या स्मरणार्थ अर्थशास्त्राचे पारितोषिक सुरू केले.

एकदा पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो असे म्हणतात. परंतु राज्यांची स्मरणशक्ती माणसांहून तोकडी असते. १७०० साली स्वीडनचा तरुण राजा बारावा चार्ल्स रशिया, डेन्मार्क आणि पोलंड यांच्याविरुद्धच्या दीर्घ युद्धात ओढला गेला. प्रारंभी त्याने विजय मिळविले. १७०९ साली पोल्टाव्हा येथे त्याचा पराभव झाला आणि राजा कित्येक वर्षे तुर्कांच्या मुलुखात अडकून पडला. तो परतला तेव्हा खजिना रिता होता, तरुण पुरुष रणांगणावर पडले होते. परंतु राजाला युद्ध थांबवावयाचे नव्हते. पैसा कोठून आणावा? जर्मन भूमीतून आलेला बॅरन गेर्ट्स हा त्याचा सल्लागार झाला, आणि १७१५ पासून एक नवेच नाणे चालू झाले.

संग्राहकाच्या तबकात हे नाणे सहज सापडते. ते दुर्मीळ नाही, महागही नाही. तांब्याची एक लहानशी चकती, वजन सुमारे ४ ग्रॅम. तिच्यावर किंमत कोरलेली आहे १ डालर. त्याच सुमारास १ डालरच्या तांब्याच्या पत्र्याचे वजन पाऊण किलोग्रॅम भरे. एका तळहातावर तो पत्रा ठेवावा, दुसऱ्यावर ही चकती ठेवावी, आणि दोन्हींवरचा आकडा वाचावा. आकडा एकच! मधला जो फरक, तो सारा राजाच्या शब्दाने भरून काढावयाचा होता. युद्ध संपले की या चकत्या खऱ्या पैशाने परत घेतल्या जातील, असे आश्वासन होते. सैनिकाला पगार म्हणून त्या मिळाल्या, शेतकऱ्याला धान्याच्या बदल्यात त्या मिळाल्या, लोहाराला घोड्यांच्या नालांबद्दल त्या मिळाल्या. नाकारण्याची सोय नव्हती. कायद्याने त्या घेतल्याच पाहिजेत.

या चकत्यांची चित्रे आणि त्यांवरची अक्षरे क्रमाने वाचीत जावे. पहिलीवर राजमुकुट आहे. १७१६ च्या एका चकतीवर दोन लॅटिन शब्द आहेत. त्यांचा अर्थ 'लोकांच्या विश्वासावर'. १७१७ च्या चकतीवर 'बुद्धी आणि शस्त्र' ही अक्षरे आहेत. १७१८ साली 'चपळ आणि सज्ज' असा सैनिक आला. आणि त्याच वर्षी ज्युपिटर, सॅटर्न, मार्स आणि फीबस हे रोमन देव चार चकत्यांवर अवतरले. म्हणजे गुरू, शनी, मंगळ आणि सूर्य असे चार ग्रह एकाच वर्षी स्वीडिश प्रजेच्या राशीला लागले! चित्रे बदलत होती, कारण चकत्यांची संख्या कोट्यवधींवर गेली होती. जसजशी संख्या वाढली, तसतसे व्यापारी माल दडवू लागले, आणि भाव चढू लागले.

१७१८ च्या नोव्हेंबरमध्ये नॉर्वेतील एका किल्ल्याला वेढा घातला असता बारावा चार्ल्स गोळी लागून मरण पावला. गेर्ट्सला लागलीच अटक झाली. १७१९ च्या फेब्रुवारीत त्याचा शिरच्छेद करण्यात आला. त्याच वर्षी या मालिकेतली शेवटची चकती निघाली. तिच्यावर नांगर घेतलेली एक स्त्री आहे आणि तिचे नाव आहे 'आशा'. परंतु आशेची किंमत राज्याने स्वतःच उतरविली. या चकत्या पूर्ण किमतीला परत घेणे खजिन्याला शक्य नव्हते. ज्यांनी त्या गाठीला बांधून ठेवल्या होत्या, त्यांच्या गाठीचे बरेचसे द्रव्य एका जाहीरनाम्याने नाहीसे झाले. गेर्ट्सला शिक्षा झाली म्हणून कोणा विधवेचे धान्य परत आले नाही. मात्र यानंतर स्वीडनमध्ये राजाची अनियंत्रित सत्ता संपली, आणि खजिन्याच्या किल्ल्यांवर प्रतिनिधींच्या सभेचा हात आला. लोकांनी आपला विश्वास फार महाग विकत घेतलेल्या अनुभवाने सावध केला होता.

नाण्यांचा खरा संग्राहक म्हणूनच महागड्या नाण्यांमागे धावत नाही. 'लोकांच्या विश्वासावर' असे सांगणारी ती झिजकी चकती त्याला सोन्याच्या मोहरेइतकीच प्रिय असते. तो तिला कडेने धरतो, म्हणजे बोटांचा घाम मुद्रेला लागत नाही. तो तिला घासून लखलखीत करीत नाही. तांब्याची भांडी चिंच लावून घासावीत हा आपल्या घरोघरचा शिरस्ता. तो नाण्याला लावला तर नाणे मरते. तांब्यावर शतकांचा जो काळसर तपकिरी राप चढलेला असतो, तोच त्याचा संरक्षक लेप असतो आणि तोच त्याच्या वयाचा दाखला. झीज कोठे आहे, हेही तो न्याहाळतो. उंचवट्यांवर सारखी झीज असेल तर नाणे पुष्कळ हातांतून फिरले; मुद्रा ताजी असेल तर ते लवकरच कोठे तरी पुरले गेले. नाणे कोठे सापडले, कोणाबरोबर सापडले, याची नोंद तो नाण्याइतकीच जपतो. स्पिलिंग्जचे दिरहम एकेक करून बाजारात विकले गेले असते, तर ते केवळ जुने रुपे उरले असते. एकत्र राहिले म्हणून त्यांनी एका काळाच्या व्यापाराची वाट सांगितली.

स्वीडनमध्ये ही विद्या जुनी आहे. सोळाव्या शतकात डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामध्ये तीन मुकुटांच्या राजचिन्हावरून भांडण होते. हे चिन्ह आपलेच, असे दोघेही म्हणत. तेव्हा १५७० नंतरच्या दशकात तिसऱ्या योहान राजाने तीन मुकुट असलेली जुनी स्वीडिश नाणी गोळा करविली. वाद शब्दांनी मिटेना, म्हणून पुरावा म्हणून नाणी! स्टॉकहोम येथील शाही नाणेसंग्रहाचा प्रारंभ तेथून धरतात. पुढे एलियास ब्रेनर या लघुचित्रकाराने देशातील जुन्या नाण्यांचा शोध घेऊन त्यांची चित्रे काढली, आणि १६९१ साली त्यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वीडिश नाणकशास्त्राचा जनक म्हणून त्याला मानतात. चित्रकाराचा डोळा आणि इतिहासकाराचा संशय, दोन्ही या छंदाला लागतात.

तांब्याच्या पत्र्यांची कथा हिंदुस्थानाशीही एका धाग्याने जोडलेली आहे. पत्रे चलनातून गेल्यावर त्यांतले पुष्कळ निव्वळ तांबे म्हणून परदेशी विकले गेले, आणि पूर्वेकडे तांब्याला चांगली मागणी होती. १७८३ साली 'निकोबार' नावाचे एक डॅनिश जहाज असे पत्रे घेऊन हिंदुस्थानाकडे निघाले होते. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ ते फुटले आणि बुडाले. दोनशे वर्षे ते पत्रे समुद्राच्या तळाशी पडून राहिले. १९८७ साली ते सापडले. संख्या सुमारे ३ हजार. खाऱ्या पाण्याने त्यांची अंगे खरवडून निघाली आहेत, कित्येकांचे कोपरे विरले आहेत. तरीही काहींवर मधला ठसा वाचता येतो. हे जहाज सुखरूप पोचते तर ते पत्रे आपल्या देशातल्या कोण्या तांबटाच्या भट्टीत जाऊन घागरी आणि हंडे झाले असते. ते बुडाले म्हणून नाणी राहिले.

एकोणिसाव्या शतकात स्वीडनने आपले चलन सरळ केले. १८५५ साली दशमान पद्धत आली, आणि १८७३ साली सोन्याच्या आधारावर क्रोना हे नाणे सुरू झाले. १०० एरे म्हणजे १ क्रोना. क्रोना म्हणजे मुकुट. ज्या डेन्मार्कशी मुकुटांवरून भांडण झाले होते, त्याच डेन्मार्कशी हातमिळवणी करून ही पद्धत आणली गेली. १८७५ साली नॉर्वेही त्यात सामील झाला, आणि एका देशाचे नाणे तिन्ही देशांत चालू लागले. पहिल्या महायुद्धाच्या धक्क्याने हा संघ मोडकळीस आला. नाव मात्र तिन्ही देशांनी ठेवले. दोन्ही महायुद्धांच्या काळात स्वीडन लढाईबाहेर राहिला, परंतु तांब्याची टंचाई त्यालाही भोवली. १९१७ ते १९१९ आणि पुन्हा १९४२ ते १९५० या वर्षांत १, २ आणि ५ एरेची नाणी लोखंडाची निघाली. ज्या देशाने २० किलोग्रॅमच्या आसपासचे तांब्याचे नाणे पाडले, त्याच देशाला चिमुकल्या नाण्यासाठीही तांबे पुरेना! ही लोखंडी नाणी संग्राहकाचा जीव खातात. दमट हवेत त्यांना गंज चढतो.

नोटांवरही हळूहळू राजांच्या जोडीला इतर मंडळी आली. १९९१ साली निघालेल्या २० क्रोनांच्या नोटेवर सेल्मा लागरलॉफ ही लेखिका होती. वाङ्मयाचे नोबेल पारितोषिक मिळविणारी ती पहिली स्त्री. नोटेच्या मागच्या बाजूस हंसाच्या पाठीवर बसून देशावरून उडणारा एक मुलगा दिसे. तिने ही कथा शाळेतील मुलांना आपल्या देशाचा भूगोल कळावा म्हणून लिहिली होती. ज्या नोटेवर शालेय पुस्तकाचा नायक बसतो, त्या देशाने शिक्षणाला किती मोल दिले असेल, हे निराळे सांगावे लागत नाही.

२००३ साली स्वीडनच्या जनतेने मतदानाने युरो नाकारला आणि क्रोना ठेवला. परंतु एरे मात्र एकेक करून गेले. शेवटचे ५० एरेचे नाणे २०१० साली बंद झाले. २०१५ ते २०१७ या काळात नव्या नोटा आणि नवी नाणी आली, आणि १ व ५ क्रोनांची जुनी नाणी ३० जून २०१७ नंतर चलनातून बाद झाली. आता तेथील पुष्कळ लोक खिशात नाणी ठेवीतच नाहीत. दूध असो वा दाढीचा साबण, पैसे पत्त्याच्या आकाराच्या कार्डाने किंवा दूरध्वनीने चुकते होतात. ज्या देशात पैसे न्यायला गाडी लागे, तेथे आज पैशाला वजनच उरलेले नाही.

आजचे १ क्रोनाचे नाणे पोलादाचे असते. वर तांब्याचा पातळ मुलामा दिलेला असतो. फालुनच्या खाणीची एवढीच आठवण त्यावर उरली आहे. संग्राहक ते नाणे तांब्याच्या पत्र्याशेजारी आणि १७१६ च्या त्या चकतीशेजारी मांडतो. धातूचा हिशेब केला तर हे नवे नाणे चकतीच्याच जातीचे ठरते. त्याच्या अंगातील धातू त्यावरच्या आकड्याच्या कितीतरी मागे आहे. तरीही आज स्टॉकहोमचा पाववाला ते बिनघोर घेतो, आणि त्या काळचा पाववाला चकती पाहून दार लावून घेत होता. फरक तांब्यात नाही. एका नाण्यामागे हिशेब देणारी बँक आणि तिला जाब विचारणारी सभा उभी आहे. दुसऱ्यामागे एका हट्टी राजाचे युद्ध उभे होते.

तबकाचे झाकण लावण्यापूर्वी संग्राहक ती चकती पुन्हा एकदा उचलतो. 'लोकांच्या विश्वासावर' ही अक्षरे तीनशे वर्षांनंतरही पुसट झालेली नाहीत. ज्याने ती कोरविली त्याला तिचे मोल कळले नसेल. ज्या सैनिकाच्या आणि ज्या शेतकऱ्याच्या हातून ती गेली, त्यांना ते चांगलेच कळले. त्या अनाम हातांची साक्ष जपून ठेवावी, यासाठी तरी बाजारात न चालणारे ते नाणे कोणी तरी जवळ बाळगलेच पाहिजे.